रायझन ५ ७६०० : घरी संगणक जुळवणाऱ्याच्या नजरेतून

प्रोसेसरचे परीक्षण म्हटले की वाचकासमोर आलेख येतात: अमुक खेळात सेकंदाला किती फ्रेम मिळाल्या, तमुक व्हिडिओ किती मिनिटांत तयार झाला, प्रतिस्पर्धी किती टक्के मागे राहिला. ही माहिती उपयोगाची आहेच. परंतु सुटे भाग आणून घरच्या टेबलावर स्वतःच्या हातांनी डेस्कटॉप संगणक जुळवू पाहणाऱ्याच्या पहिल्या काळज्या वेगळ्या असतात. प्रोसेसर बसवताना पिना वाकणार नाहीत ना, कूलर घट्ट बसेल ना, पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला तर दोष कोणत्या भागात शोधायचा, आणि काही वर्षांनी वेग अपुरा पडू लागला तर एकच भाग बदलून भागेल की सगळेच नव्याने घ्यावे लागेल, हे त्याचे खरे प्रश्न असतात. एएमडी कंपनीच्या ‘रायझन ५ ७६००’ या प्रोसेसरचे हे परीक्षण त्याच प्रश्नांच्या अंगाने केले आहे. पहिल्यांदा संगणक जुळवणाऱ्याने सल्ला विचारला तर मी याच प्रोसेसरचे नाव आधी घेतो. त्याचा वेग पुरेसा आहे, पण माझ्या पसंतीचे मुख्य कारण असे की जुळणीच्या जवळजवळ प्रत्येक अवघड टप्प्यावर तो जुळवणाऱ्याचे ओझे थोडे हलके करतो.

हा प्रोसेसर जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आला. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, ‘झेन ४’ रचनेच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची पहिली तुकडी आली होती आणि तिच्यात सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारा भाग) ‘७६००एक्स’ होता. या दोन भावंडांत सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या धारा) आणि ३२ एमबीची तिसऱ्या स्तरावरची कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान साठवण) सारखीच आहे. फरक आहे तो विजेच्या मर्यादेत. ७६००एक्सची टीडीपी (कूलर निवडण्यासाठी कंपनीने ठरवलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॅट असून त्याला प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत वीज ओढण्याची मुभा आहे, तर ७६००ची टीडीपी ६५ वॅट आणि प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅट आहे. कमाल वेग अनुक्रमे ५.३ आणि ५.१ गिगाहर्ट्‌झ. म्हणजे दीडपटीहून अधिक वीज खर्चण्याची मुभा देऊन जे पदरात पडते ते काही टक्क्यांचे असते, आणि ती वाढीव उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठा कूलर वेगळा घ्यावा लागतो, कारण ७६००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. ७६००च्या खोक्यात तो येतो. घरी जुळणी करणाऱ्याला कमी तापणारा भाग दोन अंगांनी सोयीचा पडतो: कॅबिनेट, पंखे आणि एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) यांची निवड सैल हाताने करता येते, आणि हवेच्या मार्गात थोडी कसर राहिली तरी संगणक लगेच कुरकुरत नाही.

जुळणीतला सर्वांत धाकधुकीचा क्षण प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डावरच्या त्याच्या बैठकीत, ठेवण्याचा, आणि तिथेच एएमडीने ‘एएम५’ सॉकेटबरोबर मोठा बदल केला. आधीच्या एएम४ सॉकेटमध्ये १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असत. प्रोसेसर हातातून निसटला की त्या वाकत. शिवाय जुना कूलर उचलताना घट्ट झालेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर व कूलर यांच्यामधल्या उष्णतावाहक लेपामुळे) प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येई, कारण त्या सॉकेटची तरफ पिनांना धरून ठेवत असली तरी प्रोसेसरला वरून दाबून धरणारे काही नसे. एएम५मध्ये प्रोसेसरच्या खालच्या अंगाला सपाट सोनेरी ठिपके आहेत, आणि त्यांना टेकणाऱ्या १७१८ बारीक पिना मदरबोर्डावरच्या सॉकेटमध्ये आहेत. धातूची चौकट प्रोसेसरला वरून पकडते, त्यामुळे कूलर काढताना तो उपटून येण्याची भीती राहिलेली नाही.

धोका मात्र संपलेला नाही. तो मदरबोर्डाकडे सरकला आहे. सॉकेटमधल्या पिना इतक्या नाजूक असतात की त्यांच्यावर प्रोसेसरचा कोपरा पडला किंवा त्या नुसत्या बोटाने पुसल्या गेल्या तरी वाकतात, आणि वाकलेली पिन सरळ करणे हे भिंग, सुई आणि स्थिर हात असलेल्याचे काम आहे. म्हणून क्रम पाळावा. सॉकेटच्या चौकटीवर काळे प्लास्टिकचे झाकण बसवलेले असते, ते आधी काढू नये. तरफ सोडवून चौकट झाकणासकट वर उचलावी, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा, कडेच्या खाचा जागेवर येत आहेत याची खात्री करावी आणि प्रोसेसर दोन कडांना धरून सरळ खाली ठेवावा. तो सरकवून जागेवर आणण्याचा प्रयत्न करू नये. खाचा जुळल्या असतील तर तो आपसूक बसतो. मग चौकट मिटून तरफ खाली दाबली की झाकण आपोआप सुटून वर येते. तरफ दाबताना लागणारा जोर नवख्याला घाबरवणारा असतो आणि धातू करकरल्याचा आवाजही होतो, पण तो जोर अपेक्षितच आहे: सतराशेहून अधिक पिना एकाच वेळी दाबल्या जात असतात. सुटलेले झाकण फेकू नये, कारण मदरबोर्ड वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर अनेक उत्पादक ते सॉकेटवर बसवूनच मागतात.

याच सॉकेटमुळे या प्रोसेसरची दीर्घकालीन किंमतही ठरते. एएम४ मदरबोर्डांवर मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन बसले, आणि त्यांतल्या कित्येक बोर्डांवर बायोस (मदरबोर्डातली, संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली) अद्ययावत केल्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये आलेला ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ बसवता आला. पाच वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून खेळांतला वेग बराच वाढवता येणे ही संगणकाच्या मालकासाठी मोठी गोष्ट होती. एएम५च्या बाबतीत ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ‘रायझन ९०००’ मालिका त्याच सॉकेटवर चालते, आणि २०२७ व त्यापुढेही या सॉकेटला साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. तुलनेसाठी इंटेलकडे पाहावे: ‘एलजीए १७००’ सॉकेटवर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालल्या, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘एलजीए १८५१’ हा नवा सॉकेट आला आणि जुन्या बोर्डांचा मार्ग तिथेच संपला. जो माणूस स्वतः संगणक जुळवतो तो पुढे स्वतःच त्यात भर घालणार असतो, त्यामुळे आज सहा कोअर घेऊन उद्या त्याच बोर्डावर आठ, बारा किंवा सोळा कोअर बसवण्याची वाट खुली असणे, ही बाब आलेखातल्या दोन-चार टक्क्यांच्या फरकापेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते. मदरबोर्ड निवडताना मात्र एक सोय अवश्य पाहावी: प्रोसेसर न बसवताही, नुसत्या पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येण्याचे वेगळे बटण त्यावर असावे. पुढच्या पिढीचा प्रोसेसर आणला आणि बोर्डाला तो ओळखताच आला नाही, तर जुना प्रोसेसर शोधत बसावे लागत नाही.

खोक्यात मिळणाऱ्या ‘रेथ स्टेल्थ’ या कूलरविषयी माझे मत मध्यम आहे. तो लहान आहे, त्याचा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा भाग) ॲल्युमिनियमचा आहे, आणि थर्मल पेस्ट कारखान्यातूनच लावलेली असते, त्यामुळे पेस्ट किती लावावी हा नवख्याचा नेहमीचा प्रश्न निकाली निघतो. तो बसवण्यासाठी मदरबोर्डावर सॉकेटच्या दोन बाजूंना असलेले प्लास्टिकचे आधार आधी काढून टाकावे लागतात आणि कूलरचे चार स्प्रिंगचे स्क्रू थेट बोर्डामागच्या धातूच्या पट्टीत आवळावे लागतात. एएम४मध्ये आधार काढताच ही मागची पट्टी सुटून खाली पडे आणि एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने स्क्रू लावण्याची कसरत करावी लागे. एएम५मध्ये ही पट्टी सॉकेटच्या चौकटीलाच जोडलेली असल्याने जागेवर राहते. बदल छोटा आहे, पण एकट्याने काम करणाऱ्याला तो लगेच जाणवतो. स्क्रू आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळू नये. समोरासमोरचे कोपरे घेत, प्रत्येकाला थोडेथोडे फिरवत चारही स्क्रू सारखे खाली न्यावेत, म्हणजे दाब एकाच बाजूला पडत नाही. पंख्याची चार पिनांची वायर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जोडणीवरच लावावी.

लेखन, ब्राउझर, हिशेब, व्हिडिओ पाहणे, अगदी बहुतेक खेळसुद्धा या कूलरवर निभावतात. परंतु सगळे कोअर तासन्‌तास राबवणारे काम असेल, जसे मोठा प्रोग्राम संकलित करणे किंवा व्हिडिओ रेंडर करणे, तर ८८ वॅटची उष्णता एवढ्याशा हीटसिंकला जड जाते, तापमान नव्वदीत पोहोचते आणि पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. या प्रोसेसरची तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सियस आहे आणि मर्यादा जवळ येताच तो स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे नव्वदीतला आकडा पाहून काही जळेल अशी भीती बाळगायचे कारण नाही. शिवाय एएम४चे कूलर एएम५वरही चालावेत यासाठी प्रोसेसरची एकूण उंची कायम ठेवण्यात आली आणि त्यापायी त्याच्यावरचे धातूचे कवच जाड ठेवावे लागले. उष्णता कूलरपर्यंत पोहोचायला तेवढा अडथळा होतो. त्या निर्णयाचा लाभ असा की एएम४साठी बनलेले बरेच कूलर, ज्यांना स्वतःची वेगळी मागची पट्टी लागत नाही ते, इथे तसेच बसतात. शांतता प्रिय असणाऱ्याने १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला साधा उभा कूलर घ्यावा. या प्रोसेसरला त्याहून मोठ्या कशाची गरज नाही आणि पाण्याच्या कूलरचा खटाटोप तर मुळीच नको. असा कूलर घेण्यापूर्वी त्याची उंची आणि कॅबिनेटने दिलेली उंचीची मर्यादा हे दोन आकडे ताडून पाहावेत. कवचाच्या कडांना खाचा आहेत आणि त्या खाचांत बारीक कपॅसिटर उघडे दिसतात. सामान्य थर्मल पेस्ट विद्युतवाहक नसल्याने थोडी तिथे गेली तरी बिघडत नाही, पण द्रवरूप धातूची पेस्ट नवख्याने या प्रोसेसरवर वापरू नये.

आता रॅम. हा प्रोसेसर फक्त डीडीआर५ रॅम स्वीकारतो; जुन्या संगणकातली डीडीआर४ इथे निरुपयोगी आहे आणि ज्यांच्याकडे ती भरपूर आहे त्यांच्यासाठी हा खर्च वाढवणारा मुद्दा आहे. अधिकृत वेग डीडीआर५-५२०० आहे, पण व्यवहारात डीडीआर५-६००० हा वेग या मालिकेला सर्वांत मानवतो, आणि त्यासाठी ‘एक्स्पो’ (रॅमचा जास्त वेग एकाच पर्यायाने चालू करून देणारी एएमडीची सोय) असे चिन्ह असलेली जोडी घ्यावी. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो चालू केल्याशिवाय रॅम आपल्या खोक्यावर छापलेल्या वेगाने चालत नाही. कित्येक लोक चांगली रॅम घेऊन ती वर्षानुवर्षे मूळच्या कमी वेगावरच वापरतात, हे पाहून हळहळ वाटते. रॅमच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात आणि प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्यात. पुढे आणखी दोन घालू, असा विचार इथे महागात पडतो, कारण चार पट्ट्या बसवल्यावर एएमडीचा अधिकृत वेग डीडीआर५-३६०० इतका खाली येतो. ३२ जीबी हवी असेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबीच्या दोन पट्ट्या घेणे शहाणपणाचे आहे.

रॅमशीच निगडित अशी एक बाब आहे जी मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेत अनेकदा कोपऱ्यात, लहान अक्षरांत दिलेली असते, आणि नवख्यांना सर्वाधिक मनस्ताप तीच देते. सगळे जोडून पहिल्यांदा बटण दाबले की पंखे फिरू लागतात, बोर्डावरचे दिवे लागतात, आणि पडदा मात्र काळाच राहतो. एक मिनिट जाते, दोन जातात, काही वेळा त्याहूनही जास्त. या वेळात मदरबोर्ड रॅमच्या प्रत्येक वाहिनीचे विद्युत संकेत तपासून त्यांच्या वेळा जुळवत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५चा वेग इतका मोठा आहे की हे जुळवणे प्रत्येक बोर्ड आणि प्रत्येक रॅमसाठी वेगळे करावे लागते. ज्याला हे ठाऊक नसते तो घाबरून वीज बंद करतो, रॅम काढून पुन्हा बसवतो आणि मग तेच सगळे पहिल्यापासून सुरू होते. जुळणी करणाऱ्याने या वेळी संगणकाला हात न लावता किमान दहा मिनिटे थांबावे. बऱ्याच बोर्डांवर ‘सीपीयू’, ‘डीरॅम’, ‘व्हीजीए’ आणि ‘बूट’ अशी नावे असलेले चार छोटे दिवे असतात. ट्रेनिंगच्या काळात त्यांपैकी ‘डीरॅम’चा दिवा लागलेला राहिला तर ते बिघाडाचे लक्षण मानू नये. एक्स्पो चालू केल्यावर किंवा बायोस बदलल्यावर पुन्हा एकदा अशी वाट पाहावी लागते. पुढे दर वेळी संगणक सुरू होण्यास फार वेळ लागत असेल तर बायोसमधील ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ हा पर्याय चालू करावा, म्हणजे आधीचे जुळवलेले आकडे बोर्ड लक्षात ठेवतो. या पर्यायाने संगणक अस्थिर वाटू लागला तर मात्र तो बंद करून सावकाश सुरू होणे पत्करावे.

बायोसचा विषय निघालाच आहे तर सुरक्षिततेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये याच पिढीतले काही प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी प्रकारचे (वाढीव कॅशेचे), सॉकेटमध्येच जळाल्याची उदाहरणे पुढे आली. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरमधल्या ‘एसओसी’ या (मेमरी व इतर जोडण्या सांभाळणाऱ्या) भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत असल्याचे दिसले, आणि एएमडीने नव्या बायोसद्वारे त्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यानंतरच्या बायोसवर चालणाऱ्या बोर्डाला ही मर्यादा लागू आहे. म्हणून बोर्ड दुकानातल्या फळीवर किती दिवस पडून होता हे माहीत नसेल तर एक्स्पो चालू करण्यापूर्वी बायोस अद्ययावत करून घ्यावा. क्रम उलटा करू नये.

या प्रोसेसरचा जो गुण मला सर्वांत अधिक आवडतो तो परीक्षणांत सहसा एका ओळीत उरकला जातो: त्याच्यात अंगभूत ग्राफिक्स आहे. दोनच गणन-एककांची ही आरडीएनए २ रचनेची ग्राफिक्स खेळांसाठी नाही, पण पडद्यावर चित्र आणणे, एव्ही१ आणि एचईव्हीसीसारख्या स्वरूपांतले व्हिडिओ सहज दाखवणे, ही कामे ती बिनतक्रार करते. जुळवणाऱ्याला तिचा उपयोग याहून मोठा आहे. ग्राफिक्स कार्ड न लावताच संगणक सुरू करून पाहता येतो. मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, त्यात प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी बसवावी, एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरसाठीची ८ पिनांची अशा दोन वायर जोडाव्यात, मॉनिटर थेट बोर्डाला लावावा आणि बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर स्पर्श करावा. बायोसचा पडदा दिसला की बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस हे चार भाग चालतात हे कळते. आणि नाही दिसला तर दोष बहुधा या चारांतच आहे, कॅबिनेटच्या वायरींत किंवा ग्राफिक्स कार्डात नाही. कॅबिनेटमध्ये सगळे आवळून बसवल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. पुढे कधी ग्राफिक्स कार्ड बिघडले, दुरुस्तीला गेले, तरी संगणक बंद पडत नाही. नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या ‘७५००एफ’मध्ये, जो जुलै २०२३ मध्ये आला आणि वेगाने ७६००च्या अगदी जवळ आहे, ही ग्राफिक्स नाही, ज्याच्या घरी दुसरा संगणक किंवा तपासणीपुरते जास्तीचे कार्ड आहे त्याने तो खुशाल घ्यावा, पण पहिल्या जुळणीसाठी मी तो सुचवणार नाही. ग्राफिक्स कार्ड बसवल्यानंतर मॉनिटरची वायर बोर्डावरून काढून कार्डाला लावायची असते, हे इथेच नमूद करतो. ती बोर्डालाच राहिली तर खेळ या छोट्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतात आणि नवे कार्ड मंद आहे असा गैरसमज होतो.

मदरबोर्डांत या प्रोसेसरला ‘बी६५०’ चिपसेट (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) पुरेसा आहे. ‘ए६२०’ बोर्डांवर प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही, एवढ्याने फारसे बिघडत नाही, पण अशा बोर्डांची वीजपुरवठ्याची मांडणी अनेकदा हलकी असते आणि पुढे जास्त कोअरचा प्रोसेसर बसवायचा तर तीच अडचण ठरते. ‘एक्स६७०’ घेण्याचे कारण एखाद्याला अनेक एसएसडी आणि जोडण्या लागत असतील तरच आहे. प्रोसेसरकडे वापरता येण्याजोग्या २४ पीसीआय एक्सप्रेस लेन (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) आहेत. त्यांतल्या १६ ग्राफिक्स कार्डाला आणि चार सॉकेटजवळच्या एम.२ खाचेला मिळतात, म्हणून मुख्य एसएसडी त्याच खाचेत बसवावी. तिच्यावरच्या धातूच्या पट्टीखालच्या चिकट पॅडवरचा पारदर्शक कागद काढायला विसरू नये.

कॅबिनेटविषयी लांबण लावत नाही: पुढे जाळी असलेले, समोरून हवा आत घेणारे आणि मागून बाहेर टाकणारे कोणतेही कॅबिनेट चालेल. बोर्ड ठेवण्याआधी पितळी उंचवट्यांच्या जागा बोर्डाच्या भोकांशी जुळतात ना, आणि भोक नसलेल्या जागी एखादा उंचवटा राहिला नाही ना, हे तपासणे तेवढे अत्यावश्यक आहे, कारण चुकीच्या जागी राहिलेला धातू बोर्डाच्या मागच्या जोडण्यांना टेकून शॉर्ट सर्किट करू शकतो.

एसएमपीएसकडे मात्र काटकसर करू नये. ७६०० आणि मध्यम शक्तीचे ग्राफिक्स कार्ड यांना चांगल्या प्रतीचा ६५० वॅटचा एसएमपीएस आरामात पुरतो. ‘८० प्लस’चे ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के विजेची नासाडी किती कमी होते एवढेच सांगतात, आतले भाग कसे आहेत, संरक्षक मंडले वेळेवर काम करतात की नाही, हे त्यांवरून कळत नाही. आणि सुट्या वायरींचा एसएमपीएस असेल तर एक नियम कधीही मोडू नये: एका एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला लावू नयेत. मदरबोर्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकावरच्या पिनांचा क्रम उत्पादकानुसार बदलतो, कधी एकाच उत्पादकाच्या दोन मॉडेलांतही बदलतो. खटका बसतो, वायर नीट लागल्यासारखी दिसते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की एसएसडी क्षणात निकामी होते. जुने कॅबिनेट नव्या एसएमपीएससह वापरणाऱ्यांनी जुन्या वायरी आतच ठेवून काम भागवण्याचा मोह टाळावा.

प्रत्यक्ष वापरात ७६०० कसा वागतो, यावर फार लिहिण्यासारखे नाही, आणि ही त्याची स्तुतीच आहे. रोजची कामे तो चटकन उरकतो. खेळांमध्ये मध्यम शक्तीच्या ग्राफिक्स कार्डाबरोबर वेग बहुधा कार्डामुळे अडतो, प्रोसेसरमुळे नाही. हा प्रोसेसर खुला (वेगात व व्होल्टेजमध्ये फेरबदल करू देणारा) असल्याने बायोसमधील ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ हा पर्याय वापरून व्होल्टेज थोडे कमी करता येते आणि त्याने तापमान व पंख्याचा आवाज दोन्ही उतरतात. पण संगणक काही आठवडे मूळ स्थितीत व्यवस्थित चालल्याचे पाहिल्यावरच त्याला हात घालावा, म्हणजे पुढे काही अडले तर कारण शोधणे सोपे जाते. एक उणीव मात्र स्पष्ट नोंदवतो. या प्रोसेसरच्या आवरणाखाली कोअरची चिप आणि जोडण्यांची चिप अशा दोन वेगळ्या चिपा आहेत, आणि संगणक नुसता सुरू ठेवलेला असताना, काहीही काम नसताना, ही रचना एकसंध चिप असलेल्या प्रोसेसरांपेक्षा अधिक वीज घेते. दिवसाचे चोवीस तास चालू राहणारा घरगुती सर्व्हर जुळवायचा असेल तर हा विचार केलाच पाहिजे.

काहींनी हा प्रोसेसर घेऊ नये. ज्यांच्याकडे एएम४ बोर्ड आणि पुरेशी डीडीआर४ रॅम आहे, त्यांनी आधी आपल्या बोर्डाच्या उत्पादकाच्या यादीत ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी आहे का ते पाहावे. एक बायोस, एक प्रोसेसर आणि थोडी पेस्ट एवढ्यावर त्यांचे काम होऊ शकते. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय रेंडरिंग किंवा एकाच वेळी अनेक आभासी संगणक चालवणे हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांना सहा कोअर तोकडे पडतील. त्यांच्यासाठी ७६००च्याच दिवशी आलेला आणि तेवढ्याच ६५ वॅट टीडीपीचा, बारा कोअरचा ‘रायझन ९ ७९००’ आहे. निव्वळ खेळांसाठी सर्वोत्तम हवे असेल आणि ग्राफिक्स कार्डही तोलामोलाचे असेल तर ९६ एमबी कॅशेचा ‘७८००एक्स३डी’ वेगळ्याच पायरीवर आहे. ‘झेन ५’ रचनेचा ‘९६००एक्स’ही ६५ वॅटचा आहे आणि काही कामांत स्पष्टपणे पुढे आहे, पण त्याच्या खोक्यात कूलर नाही; तो निवडणाऱ्याने कूलर सोबतच मागवावा, आणि बोर्ड जुना असेल तर प्रोसेसर बसवण्याआधी बायोस बदलून घ्यावा.